सकाळच्या दोन गोळ्या

नवरा पन्नाशीच्या उंबरठ्यावर धावायला लागला, याचं औषधवालीला आधी कौतुकच वाटलं. ती फार्मसी शिकलेली, नाक्यावर तिचं औषधांचं दुकान. भूगोल शिकवून शिकवून खुर्चीत रुतलेला माणूस बूट चढवतोय म्हटल्यावर तिनेच त्याला रोज सकाळी दोन गोळ्या सुरू केल्या, क आणि ई जीवनसत्त्वाच्या, दोन्ही दणदणीत डोसाच्या. "व्यायामाने स्नायूंवर पेशी झिजवणारा ऑक्सिडेटिव्ह ताण येतो," ती म्हणाली, "या गोळ्या त्याला आवरतात." बायको देतेय म्हणून त्याने निमूट गिळल्या.

मग मैदानावर त्याला जोडीदारीण मिळाली. समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टर, सडपातळ, एकटी राहणारी. नाश्त्याला बसलं की सुरू व्हायचं, "डॉक्टर म्हणाल्या, चढावर पावलं आखूड टाका." "डॉक्टर म्हणाल्या, बूट बदला." औषधवालीने मनातल्या मनात तिचं नाव दातवाली ठेवलं. लग्न झाल्यापासून जरा चाला म्हणून आपण घसा कोरडा केला, आणि ही कानामागून आली नि तिखट झाली.

एका निवांत दुपारी दुकानात औषध व्यवसायाचं मासिक चाळताना तिला एक लेख दिसला. व्यायामाने येणारा तो ताण म्हणजे स्नायूंना कणखर होण्याचा निरोपच असतो, असं त्यात होतं. मोठ्या डोसाच्या गोळ्या तो निरोपच दाबून टाकू शकतात. काही प्रयोगांत सरावाचा फायदा घटलेला दिसला होता, काहींत नाही. तिने लेख दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करायला हव्या होत्या. तिने त्या नेहमीसारख्या बशीत ठेवल्या आणि बशी त्याच्याकडे सरकवली. मागे पडला की कंटाळेल, दातवाली निघून जाईल पुढे, असा तिचा हिशोब.

झालंही तसंच, निदान अर्धं.

"त्यांचा दमसास वाढतोय, माझा काही हलत नाही," तो पोटऱ्या चोळत म्हणाला. "वय झालं बहुतेक."

"होईल हळूहळू," ती म्हणाली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पण दातवाली पुढे निघून गेली नाही. तिने आपलाच वेग कमी केला. गॅलरीतून औषधवालीला दोघं कोपऱ्यावरून वळताना दिसायची, गप्पा मारत, पूर्वीपेक्षा उशिरा. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि एक दिवस दातवाली स्वतःच दुकानात उभी राहिली. "सर घेतात त्या गोळ्या मलाही द्या. सारखं तुमचं कौतुक चालू असतं त्यांचं, बायकोला औषधातलं सगळं कळतं म्हणून."

औषधवालीचा हात फळीपर्यंत गेला. द्याव्यात, हिचीही गती मंदावेल. मग लक्षात आलं की दोघं मिळून आणखी सावकाश धावतील आणि आणखी उशिरा परततील.

"नका घेऊ," ती म्हणाली. "सराव करणाऱ्याला या गोळ्यांनी उलट तोटा होऊ शकतो."

"मग सर कसे घेतात?"

औषधवाली खोकी नीट लावत राहिली. दातवालीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, दात घासायचा ब्रश घेतला आणि गेली.

दुसऱ्या सकाळी नवरा धावून आला आणि बशीला हात न लावता बसला.

"गोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलं. तुला कधीपासून माहीत होतं?"

"मासिकात वाचलं तेव्हापासून."

"तरी देत राहिलीस?"

"तुम्ही तिच्या मागे पडावं म्हणून."

त्याने बशी तिच्याकडे परत सरकवली. "मला वाटलं मी म्हातारा झालो," तो म्हणाला. तिला त्याचं ओरडणं परवडलं असतं. "'नका जाऊ तिच्याबरोबर', एवढं म्हणायचंस," तो पुढे म्हणाला.

"थांबला असतात?"

त्याने खरंच विचार केला. "धावणं सोडलं नसतं. वेळ बदलली असती."

गोळ्या बंद झाल्या. त्यामुळे असो की नुसत्या सरावामुळे, पुढे त्याचा दमसास वाढला. वेळ मात्र त्याने बदलली नाही आणि तिनेही ते मागितलं नाही, तो हक्क आपण घालवला असं तिला वाटत होतं. नाश्त्याला डॉक्टरांचं नाव निघेनासं झालं. तो गप्प पाव खायचा, आणि ते गप्प बसणं तिला आधीच्या बडबडीपेक्षा जास्त टोचायचं.

शेवटी तिनेच विचारलं, "आज काय म्हणाल्या डॉक्टर?"

त्याने जरा दबकत तिच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागला. ऐकताना तिच्या पोटात दुखत होतंच, पण तिने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.