टेहळणीवर पारवा

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढच्या काउंटरवर नाही, मागच्या अरुंद खोलीत, जिथं काचांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने सक्तीनं घरी बसायची वेळ आली, तेव्हा भाचीनं तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. नाव काय टाकायचं, असं भाचीनं विचारलं. "तू हाक मारतेस तेच टाक," ती म्हणाली. तेव्हापासून ती दोनशे चाळीस अनोळखी माणसांची मावशी झाली.

खेळ साधा होता. बर्फाळ समुद्रातून जहाज पलीकडे न्यायचं. जहाजावर पाच जण, आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसलेले. एक कप्तान, एक सुकाणूवर, दोघं इंजिनावर आणि एक टेहळणीवर. धुक्यात हिमनग दिसायचे ते फक्त टेहळ्याला. तो सांगेल त्यावर जहाज तरायचं किंवा बुडायचं.

गुडघा बरा झाला, पण खेळ सुटला नाही. "आमच्याकडे आता दर्यावर्दी आहे घरात," असं तिचा नवरा शेजाऱ्यांना सांगायचा. वर्षभरात हा खेळ खेळणाऱ्यांचा ग्रुप चालवणाऱ्या मुकादमानं तिला मॉडरेटर केलं. मुकादम हे त्याचं ग्रुपवरचं नाव. एरवी तो कुठल्याशा कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा. "भांडणं तुमच्याकडे आली की मिटतात," तो म्हणाला. आणि खरंच मिटायची. मावशी दोघांना वेगवेगळं बोलायला लावायची, दोघांचं ऐकून घ्यायची. तेवढ्यानं भागायचं.

पारवा ग्रुपमध्ये आला तेव्हा दोन महिने एक शब्द बोलला नाही. नुसतं लिहायचा. मावशीनं खासगीत विचारलं तेव्हा कळलं की तो पुस्तकांची बांधणी करतो, वय तेहेतीस, आणि बोलताना अडखळतो. फोन आला तर उचलत नाही. दुकानात हवी ती वस्तू बोटानं दाखवतो.

"माझ्याशी बोल," मावशीनं लिहिलं. "मला कसली घाई नाही."

मग रोज संध्याकाळी जेवणाआधी दोघांनीच एक छोटी होडी काढायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी "डावीकडे" म्हणायला त्याला इतका वेळ लागला की होडी कधीच बुडाली होती. मावशी म्हणाली, "बुडू दे, आपल्या बापाची नाही." तो हसला. हसताना तो अडखळत नव्हता. पुढे त्यानंच युक्ती काढली. डावीकडे असेल तर नुसतं "डा", उजवीकडे असेल तर "उ". महिनाभरात त्यांची होडी पार जायला लागली. एकदा त्यानं आपणहून सांगितलं की आज फोन उचलला, समोर कागदवाला होता, आणि दोन वाक्यं झाली. मावशीनं ते नवऱ्याला एकाच संध्याकाळी दोनदा सांगितलं.

आणि मग तिनंच त्याला वादळच्या जहाजावर चढवलं.

वादळ हा ग्रुपमधला सगळ्यात तरबेज कप्तान. त्याची जीभ तिखट होती हे सगळ्यांना माहीत होतं; पण त्याचं जहाज पहिलं यायचं, तेव्हा दुभत्या गाईच्या लाथा गोड. त्याचा टेहळ्या आजारी होता. मावशी स्वतः त्या दिवसांत त्याच जहाजाच्या इंजिनावर होती. आपण आहोत, सांभाळून घेऊ, असं तिला वाटलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी जहाज किनाऱ्याच्या जवळ असताना पारव्याचा "उ" घशात अडकला. जहाज आपटलं, फुटलं. मग वादळनं त्याची नक्कल केली. "उ, उ, उ... अरे, घुबडाला टेहळणीवर कोणी बसवलं?" नक्कल हुबेहूब होती. सगळे हसले. आणि सांगायचं तर, मावशीच्या नाकातूनही हसू फुटलं. अर्धंच, लगेच दाबलेलं. पण मायक्रोफोन चालू होता.

पारवा जहाजावरून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ते अडखळणं कापून त्याची ध्वनिफीत केली. कोणाचं जहाज बुडालं की ती वाजवायची, अशी रीतच पडली. मावशीनं मुकादमाला फोन केला.

"वादळला काढा."

"मावशी, तीन आठवड्यांवर शर्यत आली आहे. निम्मी माणसं त्याच्यासाठी येतात. ताकीद देतो ना."

"ताकदीच्या माणसाला नुसती ताकीद देऊन काय होतंय?"

"मग आपण नियम करू. सगळ्यांना विचारून, रीतसर."

तिनं कबूल केलं. कबूल करायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळत होतं. नियमांवर पाच दिवस खल झाला. चेष्टा कुठं संपते आणि छळ कुठं सुरू होतो, यावर ज्यांनी कधी कोणाला दोन ओळी लिहिल्या नव्हत्या त्यांनी पानंच्या पानं लिहिली. खेळात एवढं मनाला लावून घेणाऱ्यानं खेळू नये, असं कितीतरी जणांचं मत पडलं. शेवटी नऊ कलमं ठरली आणि वादळला एक आठवडा बाहेर ठेवलं. त्यानं माफीही मागितली. लिहिलं, "म म म माफ करा."

त्या संध्याकाळी पारव्याचा निरोप आला. "मावशी, राहू द्या. तुम्ही माझ्या बाजूनं बोललात की जास्त होतं."

"मी तुझ्यासाठीच करतेय रे."

"मला माहीत आहे," त्यानं लिहिलं. छोटी होडी काढू या का, असं तिनं विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आठवडा संपला, वादळ परत आला, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं पुन्हा ती ध्वनिफीत वाजवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं आटोपल्यावर मावशी कॉम्प्युटरपुढे बसली आणि मुकादमाला न विचारता वादळचं नाव कायमचं काढून टाकलं. एक बटण दाबायचं काम. ते पहिल्या दिवशीही तिच्या हातात होतं.

संध्याकाळपर्यंत वादळनं स्वतःचा ग्रुप काढला. चार दिवसांत दोनशेच्या वर माणसं तिकडे गेली. राहिले एकतीस, त्यातले बरेचसे आपण इथं आहोत हेच विसरलेले. मुकादमाचा फोन आला तेव्हा तो रागावलेला नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण जहाज चालवायला माणसं लागतात. मीही आता थांबतो."

"आधीच केलं असतं तर?"

"तर कदाचित दहाच जण गेले असते. कोण जाणे."

पारव्याला तिनं तीन निरोप पाठवले. त्यानं ते वाचलेले दिसत होते, उत्तर नव्हतं. त्याचं काही बरंवाईट तर झालं नसेल, या धास्तीनं तिचं कामात लक्ष लागेना. एका आठवड्यात तिनं दोन काचा वाकड्या घासल्या. मालक नुसता काचांकडे बघत राहिला. शेवटी तिनं दुसऱ्याच नावानं वादळच्या ग्रुपमध्ये शिरायचं ठरवलं. तिथल्या कोणाकडे तरी त्याचा पत्ता असेल, एवढाच विचार होता.

पत्ता शोधावा लागला नाही. जहाजावरच्या पाच नावांत त्याचं नाव होतं. टेहळणीवर, पारवा. तिनं हेडफोन चढवला आणि प्रेक्षकांत बसून ऐकू लागली.

आधी वादळचा आवाज आला. "चला, मावशीला बोलवा."

आपण ओळखले गेलो, असं तिला वाटलं. पण मग दुसरा आवाज आला. बाईचा, जरा घोगरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित खाली घसरणारा. "बाळांनो, भाषा सांभाळा बरं. डावीकडे मोठा हिमनग आहे. आता उजवीकडे वळवा, सावकाश, मला कसली घाई नाही."

सगळे खदखदून हसले. जहाज वळलं.

तिला कळायला वेळ लागला. तो तिचा स्वतःचा आवाज होता, आणि काढत होता पारवा. कुठंही अडखळत नव्हता. मोठी वाक्यं सलग येत होती, स्वच्छ, अगदी वेळेवर. "समोर दोन आहेत बाळांनो, मधून काढा." धुक्यातून जहाज सरळ पार गेलं आणि पहिलं आलं. कोणीतरी त्याला शाबासकी दिली. पारवा "थँ" म्हणाला आणि अडकला. लगेच तीन-चार जणांनी ते "थँ, थँ, थँ" उचललं. तो घाईघाईनं मावशीच्या आवाजात म्हणाला, "थँक्यू हो बाळांनो," आणि सगळे पुन्हा त्याच्या बाजूनं हसू लागले.

तिनं तीन फेऱ्या ऐकल्या. एकदाही तो स्वतःच्या आवाजात बोलला नाही.

नवरा चहा घेऊन आला तेव्हा ती हेडफोन मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"पण बोलला ना अखेर," तो म्हणाला. "तुला तेच हवं होतं."

"हो," मावशी म्हणाली.

"त्याला लिही काहीतरी."

"काय लिहू?"

तो कप ठेवून आत गेला. मावशीनं पारव्याचं नाव उघडलं. तिचे तीन निरोप एकाखाली एक तसेच होते. चौथा लिहायला तिनं हात उचलला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण जे काही लिहू ते तो वाचेल, आणि उद्या जहाजावर तिच्याच आवाजात सगळ्यांना वाचून दाखवेल. दाखवावंच लागेल त्याला, नाहीतर सगळे पुन्हा त्यालाच हसतील. तिनं कॉम्प्युटर बंद केला. चहा गार झाला होता, तो तिनं तसाच प्यायला.