निळीत पडलेलं नाव

सालोमतच्या तोंडात त्या वस्तीतल्या सगळ्या मेलेल्यांची नावं होती. एक तेवढं नाव तिनं दाताखाली दाबून धरलं होतं, आणि त्यावरूनच वस्ती तिच्यावर जळत होती.

मर्गिलान शहराच्या खालच्या अंगाला, कालव्याकाठची ती वस्ती. युद्धाचं तिसरं वर्ष सरत आलेलं. पुरुष म्हणून उरले ते दाढीवाले म्हातारे आणि लंगडत परत आलेले दोघेतिघे. कापसाची खुरपणी बायकांनी करायची, कालव्याचा गाळ बायकांनी काढायचा, आणि टपालवाली झेबो दिसली की बायकांनीच दारं लावून घ्यायची. झेबो बिचारी काय करणार? ती रडतच यायची. पोरगा मेल्याचं काळं पत्र ज्या घरी पडलं त्या घरानं निळं घालायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. निळा झगा, निळा रुमाल, वर्षभर. आणि निळं घातलं की निळी म्हणायची.

निळी म्हणजे त्या रंगाचंच गाणं. पहिल्या कडव्यात आभाळाचा निळा, दुसऱ्यात पाण्याचा, तिसऱ्यात चुलीच्या धुराचा. चौथ्यात नाव. नाव पडलं की बायका केस सोडायच्या आणि घर दणाणून जायचं. मग शेवटचं कडवं, जाणाऱ्याला वाट मोकळी करून देणारं. एकदा नाव निळीत पडलं की संपलं. त्याची गोधडी कुणाला तरी देऊन टाकायची, त्याच्या वाटची भाकरी थापायची नाही. आणि आईनं गायचं नसतं. आईनं फक्त रडायचं. गायला दुसरी बाई लागते. ती बाई म्हणजे सालोमत. तिची आत्या गायची, आत्यानंतर ती. तिसरी कुणी शिकलीच नाही, कारण शांततेच्या दिवसांत असली गाणी शिकायला कोण मरायला येतंय?

आता वस्तीत जिकडेतिकडे निळे झगे होते. दुकानात कापड नाही की रंग नाही, तेव्हा बायकांनी शाळेतल्या शाईच्या गोळ्या मागून आणल्या, रांजणात कालवल्या आणि होते ते झगे त्यात बुडवले. घाम आला की मानेवर निळे ओघळ यायचे. खुरपताना सगळ्याजणींच्या माना निळ्या. सालोमतची तेवढी गोरी.

तिच्या घरीही मुलाचा कागद आला होता, दोन वर्षांमागे. पण त्यावर ‘मृत्यू’ नव्हता. ‘बोतिर, बेपत्ता’ एवढंच.

“बेपत्ता म्हणजे हरवलाय,” सालोमतनं तेव्हाच सांगून टाकलं. “हरवलेला सापडतो. लहानपणी दोनदा बाजारात हरवला होता, दोनदा सापडला. गाढवाचा कान धरून उभा होता मेला.”

आणि तिनं तिचा लाल फुलांचा झगा अंगावरून उतरवलाच नाही. विटला, ठिगळं लागली, तरी तोच.

बायका काय गप्प बसतात? “सगळ्या वस्तीची पोरं हिनं निळीत घातली, स्वतःचं तेवढं झाकून ठेवलंय,” असं तिच्या कानावर जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायच्या. सालोमत ऐकायची आणि खुरपं जोरात मारायची.

तिची सून मस्तुरा बावीस वर्षांची. लग्नाला तीन महिने झाले नि बोतिर लढाईवर जाणाऱ्या गाडीत चढला. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. महिन्याभरापूर्वी तिचा भाऊ रिश्तानहून चालत आला. तिच्यासाठी एकाची मागणी घेऊन आला होता. एक पाय गमावलेला कुंभार, माणूस सज्जन, चाक हातानं फिरवतो. पण आधी निळं घालायला हवं, वर्ष काढायला हवं, मग पांढरं घालून सुतकातून मोकळी. भाऊ चहा पिऊन गेला आणि सासू-सुनेत जुंपली.

“आई, एक तर त्यांना आणून दाखवा, नाहीतर निळं घाला,” मस्तुरा म्हणाली. “मधल्यामध्ये मी मेले!”

“कुंभार आवडला वाटतं?”

“कुंभाराला मी पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या मुलाचा चेहरा मला आठवत नाही, आई. भुवया आठवतात, खाली काहीच नाही. सांगा, मी कुणाची वाट बघू?”

तिनं आपलं तेच धरून ठेवलं. “माझ्या तोंडून त्याचं नाव पडत नाही तोवर तो आहे. बाकी मला काही विचारू नकोस.”

हे ती नुसतं म्हणत नव्हती, पाळत होती. कुणाच्याही घरी निळी म्हणताना तिसरं कडवं संपत आलं की ती जीभ टाळूला लावायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बोतिर नाही, बोतिर नाही. मग त्या घरचं नाव घ्यायची. एकोणतीस वेळा असं झालं होतं. आणि तिसाव्या वेळी शेजारीण उल्फत दारात येऊन बसली.

उल्फतचा तोशमत आणि हिचा बोतिर एकाच गाडीतून गेले होते. झेबोनं उल्फतला पत्र दिलं त्याला आता तीन आठवडे झाले होते. सालोमत त्या घरी फिरकली नव्हती. घसा बसलाय, म्हणाली. मग ताप आहे, म्हणाली.

“आपा,” उल्फत म्हणाली, “तीन आठवडे झाले, मी निळं घालून बसलेय. रडू येत नाही. छातीत धोंडा ठेवल्यासारखं झालंय. तू गायल्याशिवाय मला रडता येणार नाही, हे तुला माहीत नाही का?”

“माहीत आहे.”

“मग? माझ्या पोरानं काय घोडं मारलं तुझं? तुझ्या तुतीवरून पडला तेव्हा तूच त्याचा हात बांधलास.”

तोशमतला निळीत घालायचं म्हणजे त्या गाडीतली अर्धी जागा रिकामी करायची. पण उल्फतचे ओठ फुटले होते, आणि उपाशीपोटी तिचा तोल जात होता. नाही कसं म्हणणार?

“उद्या खुरपणी उरकून येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना उल्फतच्या अंगणात बायका जमल्या. सालोमत शेतातून थेट आली होती. सकाळपासून पोटात पिठाच्या पेजेची एक वाटी. अंगावर तोच लाल फुलांचा झगा. ते बघून पुटपुट सुरू झाली.

“निळी म्हणायला लाल घालून? लाज तरी!”

“राहू द्या गं,” उल्फत म्हणाली. तिच्या मांडीवर तोशमतची टोपी होती. “आली एवढं पुरे.”

मस्तुरा पाठीमागे भिंतीला टेकून बसली. सालोमतनं गुडघे जवळ घेतले आणि सुरू केलं.

*निळं घाल बाई, निळं घाल,*
*आभाळानं घातलं, तूही घाल.*

आवाज चिरका होता, पण होता. दुसऱ्या कडव्यात कालव्याचं पाणी आलं, निळं होऊन वाहणारं, कुणासाठी न थांबणारं. तिसऱ्यात धूर. उल्फत पुढे-मागे डोलू लागली. सालोमतची नजर टोपीवर गेली. पांढऱ्या दोऱ्यानं मिरच्यांची नक्षी भरलेली टोपी. बोतिरचीही तशीच होती. सगळ्यांच्याच तशा असतात, तिला ठाऊक होतं. तिनं जीभ टाळूला लावली. बोतिर नाही, बोतिर नाही. डोकं गरगरलं. तोंड उघडलं.

*घोडा आला दारी, स्वार कुठं राहिला,*
*कुठं ठेवू तुला रे, माझ्या बोतिरा…*

अंगणात एकीनंही केस सोडले नाहीत. एका बाईचा हात रुमालाच्या गाठीपर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला.

आपण काय बोललो, हे सालोमतला सगळ्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

तेवढ्यात पाठीमागून मस्तुरा उठली, बायकांना तुडवत आली आणि तिनं सासूच्या तोंडावर हात दाबला. चांगला घट्ट.

“चुकलं!” ती ओरडली. “जीभ घसरली! सकाळपासून उपाशी आहेत त्या, दिसत नाही का? हे धरायचं नाही! आई, पुढे गाऊ नका. मी म्हणाले होते ना निळं घाला म्हणून? मी खोटं बोलले. मला नको कुंभार, मला काही नको. गाऊ नका!”

बायकांत गलका उडाला. धरायचं, नाही धरायचं. शेवटी कोपऱ्यातली दोनोखोन आजी बोलली. तिचे चार नातू गेले होते, त्यामुळे तिच्यापुढे कुणी बोलत नसे.

“नाव पडलं,” ती म्हणाली. “पडलेलं उचलता येत नाही. आणि अर्धी निळी टाकून उठलीस, सालोमत, तर पोरगं ना जिवंतांत, ना मेल्यांत. तसंच फिरत राहील. तुला ठाऊक आहे, मी कशाला सांगू?”

सालोमतनं सुनेचा हात तोंडावरून काढला. बोटांना शेतातली माती होती. ना जिवंतांत, ना मेल्यांत. दोन वर्षं त्याला असं कुणी ठेवलं होतं? आपणच की. आणि त्याच्याबरोबर ह्या पोरीलाही. सालोमतला एकदम एवढी शरम वाटली की मान वर करवेना.

“पुरी करते,” ती म्हणाली.

“आई, नका ना!”

“बस तू खाली, मस्तुरा. बस.”

उल्फतनं डोक्यावरचा निळा रुमाल सोडला आणि सालोमतच्या डोक्यावर टाकला. शाईचा वास आला. सालोमत गाऊ लागली. नाव तिनं पुन्हा घेतलं, या वेळी जाणूनबुजून, सावकाश. बोतिर. आता बायकांनी केस सोडले. आक्रोश उठला, उल्फतही धाय मोकलून रडली. तीन आठवड्यांचं सगळं बाहेर पडलं. सालोमत एकटी कोरडी. वस्तीतल्या एकूणएक आईला रडता आलं, कारण गायला सालोमत होती. सालोमतसाठी गायला कोण? रडायला लागली तर गाणं तुटेल, आणि गात राहिली तर रडता येणार नाही. देवा, हे कसलं माप माझ्या पदरात घातलंस, असं तिच्या मनात आलं. ती शेवटच्या कडव्यापर्यंत पोचली.

*जा रे राजा, जा, वाट निळी झाली,*

आणि आवाज गेला. तोंड उघडं, पण सूर फुटेना. दुसरी ओळ राहिली होती. ती म्हटल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. बायका रडता रडता थांबल्या. कुणालाच ती ओळ धड येत नव्हती. ऐकली एकोणतीसदा होती, पण ऐकताना सगळ्या रडत असायच्या.

मस्तुराला येत होती. भिंतीपलीकडून सासूला पुटपुटताना ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. ती तिथंच उकिडवी बसली होती. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि बेसूर, भांडल्यासारखं म्हटलं,

*मागं वळू नको, आई आता निजली.*

सालोमतच्या तोंडून हंबरडा फुटला. असा आवाज त्या वस्तीनं तिच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. ती सुनेच्या मांडीवर कोसळली आणि दोन वर्षांचं एकदम रडली. मस्तुरानं तिचे केस सोडले, मग स्वतःचे.

बऱ्याच वेळानं उल्फतनं तिची बाही ओढली. डोळे सुजलेले, हातात टोपी तशीच.

“आपा… माझा तोशमत राहिला गं.”

सालोमतला मान उचलता येईना. मस्तुरानं तिच्या कानाशी वाकून विचारलं, “आई, पहिलं कडवं कुठल्या सुरात धरायचं?”

सालोमतनं रडता रडताच धरून दाखवलं.