चालतं दुकान

माझी भट्टी आमच्या गल्लीतल्या माणसांनी बुडवली, आणि हे त्यांना अजूनही ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये म्हणून मी तोंड शिवून बसले आहे. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. माझे यजमान नूर महंमद म्हणायचे, आबेदाची जीभ भट्टीत घातली तर लाकूड वाचेल.

धुळ्याच्या जुन्या वस्तीत आमची बेकरी होती. टोस्ट, खारी बारा महिने चालायची, पण खरी मजा दिवाळीच्या आणि ईदच्या आधी. गल्लीतल्या बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन यायच्या, ओट्यावर मांडी घालून मळायच्या, आणि आम्ही त्यांची नानकटाई भाजून द्यायचो. कुणी तुपात हात आखडता घेतला, ते दुसरीला लगेच कळायचं. कुणाचा नानकटाईचा पत्रा आधी भट्टीत जायचा यावरून भांडणं व्हायची, आणि नूर महंमद दोघींनाही ‘तुमचाच आधी’ म्हणून मोकळे व्हायचे.

भट्टी सासऱ्यांनी बांधलेली, विटांच्या घुमटाची. तिचा नियम एकच, तिला फार दिवस थंड ठेवायचं नाही. थंड पडली की घुमट ओल धरतो आणि तडकतो. टाळेबंदीत ती थंड पडली. कशीबशी पुन्हा पेटवली, तोवर दुसरी लाट आली. नूर महंमद स्वतःच्या पायांनी रिक्षात बसून दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, आणि मला त्यांचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. मग भट्टीकडे कोण बघतंय? पावसाळाभर ती तशीच राहिली. पावसाळा सरला तेव्हा घुमटाला आडवा तडा गेला होता.

जागा भाड्याची. मालक रुपचंद शेठ म्हणाले, दिवाळीपर्यंत भट्टी सुरू झाली तर खुशाल राहा, नाहीतर मला तिथे गाळे काढायचे आहेत. माणूस वाईट नव्हता, पण त्याने तरी किती कळ काढायची? घुमट नव्याने बांधायचा तर जाणता मिस्त्री हवा, पैसा हवा. मी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, दुकान चालू आहे का? मी म्हटलं, बंद आहे. ते म्हणाले, बंद दुकानाला कर्ज कसं देणार? मी म्हटलं, चालू असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? बँकेत असं बोलायचं नसतं. हात हलवत परत आले आणि झालेलं सगळं ओट्यावर बसून गल्लीला ऐकवलं. सगळा घोळ इथून सुरू झाला.

शेजारच्या लिलाबाईची नात प्रज्ञा कॉलेजात शिकते. तिने एक दिवस बातमी आणली. मुंबईची कुठलीशी संस्था कोविडात बंद पडलेल्या छोट्या दुकानांना पुन्हा उभं राहायला मदत देत होती. परत करायची नाही अशी मदत. बुद्धविहारात बसून तिने माझा अर्ज भरला, आणि सायकलवाल्या लोटनभाऊचाही. त्याने टाळेबंदीत हवा भरायचं मशीनसुद्धा विकून खाल्लं होतं. प्रज्ञाने सांगितलं, एक जण येऊन दुकानं पाहून जाईल. तो यायच्या दिवशी ती स्वतः परीक्षेसाठी जळगावला गेली होती. ती असती तर बरं झालं असतं.

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की सगळी गल्ली त्या घराच्या मागे उभी राहते. कुणाच्या खुर्च्या येतात, कुणाचे काचेचे कप येतात, कुणाचं नवं चादरपांघरूण दिवाणावर पसरतं. पाहुण्यांसमोर घर रिकामं दिसू द्यायचं नाही, ही आमची रीत. माझ्या मुलीच्या, मिसबाहच्या वेळी लिलाबाईने स्वतःच्या घरातला पंखा उतरवून आमच्याकडे लावला होता. आणि बँकेची गोष्ट तर सगळ्यांना पाठच झाली होती.

सकाळी बघते तर लोटनभाऊ चुन्याची बादली घेऊन घुमटावर चढलेला. तडा बुजवून त्याने भट्टी अशी पांढरी केली की नवी नवरी वाटावी. कुणी दुसऱ्या बेकरीतून टोस्ट आणून माझ्या बरण्या भरल्या. बायका मैदा घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. मी लिलाबाईला म्हटलं, अक्का, प्रज्ञा तर म्हणाली होती की मदत बंद पडलेल्यांसाठी आहे.

“कागदवर तसंच लिखतस,” ती तिच्या अहिराणीत म्हणाली. “बंद दुकान कोणी दखाडस का? पाव्हणा येणार शे, घर भरेल दिसाले पायजे.”

मी नको म्हटलं नाही. मलाही बँकेचे साहेबच आठवत होते. आणि खरं सांगू? इतक्या दिवसांनी ओट्यावर बायका पिठाच्या हातांनी भांडत होत्या, ते बघून जीव हरखून गेला. आतून नूर महंमद ‘तुमचाच आधी’ म्हणतील असं वाटलं. भट्टीच्या तोंडाशी थोडं लाकूड पेटवलं, धूर निघाला, आणि मी दुपट्ट्याने डोळे पुसले. धुराचं निमित्त बरं असतं.

आलेला पोरगा हितेंद्र नावाचा, मोठा नम्र. त्याने फोटो काढले, नानकटाई खाल्ली, धंदा कसा चाललाय म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लिलाबाईने सांगितलं की हिला मान वर करायला सवड नसते. भट्टी कधीपासून सुरू झाली, असं त्याने लोटनभाऊला विचारलं. लोटनभाऊ हसून म्हणाला, बंद होती कधी? हितेंद्रने ते लिहून घेऊन खाली त्याची सही घेतली, मग त्याचं रिकामं दुकान पाहिलं; तिथे मांडायला काही उरलंच नव्हतं. तो गेल्यावर मी आत डोकावले. त्या एवढ्याशा आगीने चुना फुटला होता आणि तड्यात हात जाईल एवढी फट पडली होती.

काही दिवसांनी हितेंद्रचा फोन आला. आवाजात आनंद होता. ताई, तुमचं दुकान बघून फार बरं वाटलं, तुम्ही एकटीने उभं केलंत, आता तुमच्या वाट्याची मदत खरोखर बंद पडलेल्या कुणाला तरी जाईल, असं म्हणाला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक शुक्रिया म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्याच्या धुळ्यातल्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगून टाकलं. चुना, टोस्ट, उसनी गर्दी, काही ठेवलं नाही. त्याचा चेहरा उतरला. मोबाइलवरचे फोटो त्याने पुन्हा पाहिले. मीही पाहिले, त्यात मी किती दिवसांनी हसत होते.

“ताई, मी पुन्हा लिहून पाठवीन,” तो म्हणाला. “पण आधीची साक्ष खोटी होती असं लिहावं लागेल. सही लोटनभाऊंची आहे. खोटी साक्ष देणाऱ्याचा अर्ज संस्था बाद करते. लिहू का?”

लोटनभाऊच्या घरी चूल कशी पेटत होती ते मला माहीत होतं. मीच तिकडे डाळ पाठवायची. त्याने माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःचा घास पणाला लावला होता, आणि त्या भाबड्याला त्याचा पत्ताही नव्हता. असा राग आला की ऑफिसातली खुर्ची उचलून आपटावी. पण राग कुणावर काढायचा? ज्यांनी मेलो तरी तुला उघडं पडू देणार नाही म्हटलं, त्यांच्यावर? मी म्हटलं, नका लिहू. मीच म्हातारी बडबडले.

लोटनभाऊला मदत मिळाली. नवं मशीन आलं त्या दिवशी त्याने गल्लीत पेढे वाटले, आणि मला देताना त्याची मान खाली गेली. मला का मिळाली नाही, याचं उत्तर मी एकच ठेवलं होतं. सगळ्यांना सांगितलं, संस्थेकडचे पैसे संपले.

दिवाळीच्या तोंडावर रुपचंद शेठची माणसं भट्टी पाडायला आली. गल्ली हातभार लावायला जमली, कारण परक्यांनी घाव घालावा हे कुणाला बघवेना. पहिली पहार लोटनभाऊनेच मारली, रडत रडत. घुमट लगेच बसला. विटा आतून काळ्या होत्या आणि अजून त्यांना तुपाचा वास येत होता. लिलाबाई पदर तोंडाला लावून ओट्यावर बसली होती. त्या संस्थेला तिने शेलक्या शिव्या दिल्या, मग माझा हात धरला.

“इतलं भरेल दुकान दखाडं आपण,” ती म्हणाली. “तरी तुले दिधं नही. आनखी काय करतूत आम्ही, आबेदा? सांग ना.”

“काही नाही, अक्का,” मी म्हटलं. “तुम्ही काही कमी केलं नाही.”

मग ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि बराच वेळ तिची समजूत मीच काढत बसले.