दुर्लक्षाची ड्यूटी

मेट्रनबाईंची सगळी नोकरी रोग्यांना वेळेवर पाणी, वेळेवर गोळी आणि वेळेवर कूस बदलून देण्यात गेली. म्हणूनच थोरल्या बहिणीने लेकीकडे राहायला जाताना कुंडीतली पाच दगडझाडं त्यांच्या हवाली केली.

"दिसायला गोटे, पण जिवंत आहेत. फटीतून फूल येतं," ताई म्हणाली. "फक्त यांना काही करू नकोस."

काही करू नकोस! असला हुकूम मेट्रनबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. सकाळच्या फेरीत चमचाभर पाणी, संध्याकाळच्या फेरीत चमचाभर. महिन्याभरात चार गोटे पिकल्या केळ्यासारखे मऊ होऊन बसले. उरला एक. ताईने वीस वर्षांपूर्वी बियांपासून वाढवलेल्या त्या कुटुंबातला शेवटचा. तो गेला तर ताईला तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती त्यांना लागली.

आता दुर्लक्ष करणारं माणूस हवं होतं. मग नवरा आठवला. व्यवसायाने घड्याळजी. भिंतींना नवा रंग लागला तरी आठवड्याने विचारणारे, "इथे काही बदललंय का?"

"अहो, याचा चार्ज आजपासून तुमच्याकडे."

"मी करायचं काय?"

"बेचाळीस वर्षं घरात जे केलंत तेच. काही नाही."

"जमेल," घड्याळजी आत्मविश्वासाने म्हणाले.

पण चार्ज अंगात चढला. तिसऱ्याच दिवशी ते डोळ्याला भिंग लावून कुंडीवर ओणवे. हातात घड्याळात तेल सोडायची बारीक पिचकारी, तिच्यात पाणी.

"सुरकुती पडलीय गं याला! तहानलाय बिचारा."

"कसाई!" मेट्रनबाई ओरडल्या.

"चार तू मारलेस, आणि एका थेंबाला मी कसाई?"

झालं! मेट्रनबाईंनी आठवणींचं कपाट उघडलं. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात घड्याळजी बसस्टँडवर ट्रंक विसरले होते. तिच्यात निळी शाल होती. दोन बोटं रुंद चंदेरी किनार अजून त्यांच्या डोळ्यांसमोर होती. घड्याळजींनी मग लग्नात मामेसासऱ्यांनी दिलेल्या, सारख्या बंद पडणाऱ्या घड्याळाचा विषय काढला. त्यानंतर अबोला. भाजीत मीठ कमी आहे हे घड्याळजी भिंतीला सांगायचे. कुंडीकडे कोणी फिरकेना. दोघांनाही वाटे, राहू दे, चार्ज समोरच्याकडे आहे.

सहा आठवड्यांनी ताईचा फोन. "फुललं का गं?"

दोघं एकदमच खिडकीकडे धावले. गोट्याच्या फटीतून गोट्याहून मोठं, पिवळंधमक फूल वर आलं होतं.

"फुललं, ताई!"

"काय केलंस तरी काय?"

"काही नाही," मेट्रनबाई खरं तेच बोलल्या.

फोन ठेवला. घड्याळजींचा आवाज मऊ झाला. "चहा टाकू का गं तुला?"

मेट्रनबाईंचे डोळे भरून आले. अन् तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपला हात चमच्याकडे निघालाय, आणि घड्याळजी खिशात पिचकारी चाचपताहेत. समेट झाला तर गोट्याचं काही खरं नाही.

"चहा? साखर बरोबर पडलीय का कधी तुमच्या हातून?"

घड्याळजी चमकले. त्यांनी फुलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

"नसेल पडली! तुझ्या हातचा तरी कोण पितंय?" असं म्हणून त्यांनी खोलीचं दार दणकन आपटलं.

मेट्रनबाई समाधानाने दुसऱ्या खोलीत जाऊन रुसून बसल्या.