माझ्या पानावरची सोलकढीची जेली

मित्रांनो, मी पाककृतींचा एक जुना अंक आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या, टाचण्या गंजल्या, पण मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. तुमच्या अंगावर कुणी 'कारल्याचे पेढे' असं छापलं तर तुम्हाला कसं वाटेल? माझ्या अंगावर छापलं आहे. शेजारी बोंबलाचं सँडविच आहे आणि त्याला आतून चक्क गुलकंद लावायला सांगितला आहे!

माझा जन्म घाटकोपरच्या एका छापखान्यात झाला. संपादकांनी 'अभिनव पदार्थ' स्पर्धा ठेवली होती आणि बायकांनी पोस्टाने कृती पाठवल्या होत्या. शाई ओली असतानाच मी स्वतःला वाचलं आणि हादरलो. खरा कहर मधल्या पानावर होता, तोही चौकटीत, प्रथम क्रमांक म्हणून. 'सोलकढीची जेली. नेहमीची सोलकढी घ्यावी. साखर व जिलेटिन घालून घट्ट होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावी. वर चेरी लावावी.' खाली नाव होतं, कु. रत्नप्रभा घाडी, विक्रोळी. अहो, रत्नप्रभा मूळची मालवणची. तिच्या घरची नेहमीची सोलकढी म्हणजे लसूण आणि हिरवी मिरची वाटून केलेली! त्यात साखर? त्यावर चेरी? परीक्षण नुसतं कागदावर वाचून झालं होतं; परीक्षकबाईंच्या घरी सोलकढीत लसूण घालत नसावेत, एवढंच मी मनाशी म्हणालो.

रत्नप्रभा कारखान्यात पॅकिंगला होती. मी घरी आलो आणि तिने मला खाकी कव्हर घातलं. खात्यातल्या बायकांनी मला हातोहात फिरवलं. चाळीत पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याच्या मांडीवर. तिचं नाव छापून आलेलं दुसरं काही नव्हतं, म्हणून मला केवढा मान! पुढे ती निवृत्त झाली, येणारे-जाणारे कमी झाले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे मला कसर लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा तिच्या भावाच्या मुलीचं, मालाडच्या जान्हवीचं लग्न ठरलं. आत्याने तिला, तिच्या बाबांना आणि होणाऱ्या नवऱ्याला, केतनला, केळवणाला बोलावलं. आदल्या दिवशी जान्हवी पाट काढायला माळ्यावर चढली आणि मी तिच्या हाती लागलो. ती वाचत गेली आणि हसून हसून खाली बसली. फोटो काढून तिने घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच तिच्या बाबांचा, म्हणजे रत्नप्रभाच्या बाळा नावाच्या भावाचा, निरोप आला, "ताई, केळवणाला हे करू नको गं, लग्न मोडेल!" पाठोपाठ सगळे हसू लागले.

रत्नप्रभाने फोन पाहिला. तिचा चेहरा एवढासा झाला. तिने मला उचललं आणि दारापाशी टाकलं.

"रद्दीवाल्याक देऊन टाक ह्येका."

माझ्या काळजात धस्स झालं. जान्हवीही चपापली. "सॉरी ना आत्या. अगं, चांगलीच होत असणार ती. पहिला नंबर आला होता तुझा!"

"कशी लागता ती माका काय ठावक! जन्मात केलंय नाय मी."

"काय?"

"आमच्याकडे तेव्हा फ्रीज खंय होतो गो?"

कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर एकदा वाढदिवसाला मदतीला गेली असताना तिने जेली पाहिली होती. लाल, थरथरणारी. तिला कुणी दिली नाही. घरी येऊन तिने ती मनातल्या मनात केली, घरात जे लाल होतं त्याची.

मित्रांनो, मी सुन्न झालो. इतकी वर्षं मी छातीवर मिरवलेला पदार्थ जगात कुणीच खाल्ला नव्हता!

जान्हवीने मला उचलून ओट्यावर ठेवलं. "जिलेटिन आणते मी. उद्या हीच करायची."

"केतन काय म्हणात?"

"म्हणू दे यार त्याला काय म्हणायचं ते!"

"मग छापलंय तशीच करूची," रत्नप्रभा म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी पाट मांडले, रांगोळी घातली, वडे-सागोती झाली आणि शेवटी जेली आली. गुलाबी, थरथरणारी, वर चेरी. केतनने पहिला घास घेतला. त्याचे कान लाल झाले. "वेगळीच आहे," तो बिचारा म्हणाला. जान्हवीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बाळा छताकडे बघत राहिला. मग रत्नप्रभाने चमचा उचलला. मी तर डोळे मिटून घेतले.

"शी शी शी! ह्यां कोणी छापल्यानी?"

आणि ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग बाकीचेही हसले, पण आता सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

"आत्या, लसूण काढला तर चालेल," केतन धीर करून म्हणाला.

"चालात कसला, धावात!" असं म्हणत ती पुन्हा कोकम भिजत घालायला उठली.

मित्रांनो, जुना अंक रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. त्यातल्या कृतींवर खुशाल हसा, मीसुद्धा हसतो. पण खाली जिचं नाव आहे ती जवळपास असेल, तर तिला विचारा, हे तू कधी खाल्लंस का? नाही म्हणाली, तर पहिला चमचा तिच्या हातात द्या.