पांघरूण

पॅलिएटिव्ह.

डॉक्टर लाहिरी हा शब्द वॉर्डाच्या दारात, हळू आवाजात, इंग्रजीतून बोलले. मग दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे गेले. शकुनला खाटेवरून दिसलं ते एवढंच. हलणारे ओठ आणि नवऱ्याच्या खांद्यावर आलेला हात.

"काय म्हणाले?"

दिगंबर इथे बंगालात, बेहालाच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. कोणताही शब्द समोर आला की तो त्याचं मूळ उपटून दाखवायचा, म्हणून बंगाली मुलं पाठीमागे त्याला मूलोमास्टर म्हणत. मूलो म्हणजे मुळा. शकुनच्या पोटात गाठ होती आणि ती आता काढण्यासारखी राहिली नव्हती. यापुढे दुखणं झाकायचं, बरं करायचं नाही, असा त्या शब्दाचा अर्थ होता. तो दिगंबरला बरोबर कळला होता.

"लॅटिनमध्ये पॅलियम असा शब्द आहे," तो म्हणाला. "अंगावरून घ्यायचं वस्त्र. पांघरूण म्हण."

"म्हणजे?"

"पांघरूण."

शकुनने थोडा विचार केला. "म्हणजे थंडी लागू द्यायची नाही, असंच ना?"

तो हो म्हणाला.

कर्फ्यू.

चार वर्षांपूर्वी, सेहेचाळीसच्या दंगलीत, शकुनने हा शब्द पहिल्यांदा ऐकला. रस्त्यातून कर्णा ओरडत गेला तेव्हा तिने काय ते विचारलं. दिगंबरने तिला जुन्या फ्रेंचमध्ये नेलं: विस्तव झाका. तो खिडकी लावून वळेपर्यंत तिने पेटत्या शेगडीवर घागर उपडी केली होती. कोळसे भिजले, नवे मिळायला दुकान उघडं नव्हतं, आणि घराने पुढचे दोन दिवस भिजवलेल्या पोह्यांवर काढले. दंगल शमल्यावर त्याने ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितली. शकुन हसली नाही. तुम्ही झाका म्हणालात, मी झाकला, एवढंच ती म्हणाली.

शकुन.

हा शब्द इंग्रजी नाही, पण इथेच सांगायला हवा. साताऱ्याहून नवी नवरी म्हणून ती या शहरात आली, तेव्हा शेजारच्या बौदीने, म्हणजे वहिनीने, नाव विचारलं आणि ते ऐकून पदर तोंडात कोंबला. बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. तिचं रडून झाल्यावर दिगंबरने समजावलं, की मूळ एकच आहे, संस्कृतात शकुन म्हणजे पक्षी, त्यातूनच इकडे गिधाड झालं आणि तिकडे शुभ चिन्ह.

"मूळ असेना का काहीही," ती म्हणाली होती. "लोक हाक मारतात ती अर्थाने."

शकुनला इस्पितळातून घरी आणलं तेव्हा वैशाख लागला होता. भिंतीला हात लावला तर भाजायचा. शकुनने ट्रंकेतली लग्नातली शाल काढायला लावली आणि गळ्यापर्यंत ओढून घेतली. आठवड्याने दुसरी मागितली. बौदी डोकावली, तिने शाल पाहिली, दिगंबरकडे पाहिलं आणि लिंबाचं सरबत ठेवून गेली. संध्याकाळी शाळेतून आला की तो उशाशी बसून पंख्याने वारा घालायचा. शालींच्या आत शकुनचं अंग घामाने निथळत असायचं. पंखा बाहेर हलत राहायचा.

तेवढ्या वेळात तो तिला शब्द सांगायचा. हॉस्पिटलच्या मुळाशी पाहुणा आहे. पेशंट म्हणजे सोसणारा. बोलत राहिलं की ती काही विचारत नसे. एकच गोष्ट ती रोज म्हणायची, मालतीला बोलवा. मालती त्यांची एकुलती मुलगी, नागपूरला दिलेली. दिगंबर रोज म्हणायचा, या उन्हात लेकराला घेऊन कशाला, शाळा सुटल्या की येईलच. तिला बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मॉर्फिया.

कंपाउंडर सुई टोचून गेला. दिगंबरने सांगितलं, मॉर्फियस, ग्रीकांचा स्वप्नांचा देव.

"चांगला आहे देव," शकुन म्हणाली. "उद्याही येऊ दे त्याला."

 पंखा थांबवायला तिने हाताने खुणावलं.

"नाव घेते."

त्याला आधी कळलंच नाही. लग्नानंतर मांडवात सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा एकदा तिने त्याचं नाव घेतलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं 'अहो'वर भागलं होतं. हा उखाणा तिने केव्हा जुळवला असेल, किती दिवस धरून ठेवला असेल, कोण जाणे. दम घेत, पण एकही शब्द न चुकता तिने तो म्हटला:

"शालीवर घातल्या शाली, दुखणी काही लपेनात,
दिगंबरराव मूळ सांगतात, अर्थ तेवढा सांगेनात."

दिगंबरने पंखा खाली ठेवला. तोंड उघडलं, तर जिभेवर पुन्हा लॅटिनच आलं. ते त्याने गिळलं.

"तू बरी होणार नाहीस," तो म्हणाला.

"हं."

"तुला माहीत होतं?"

"इस्पितळातल्या आयाने पहिल्याच दिवशी सांगितलं. अंग पुसताना. घरी जा दीदी, म्हणाली, इथं आता करण्यासारखं काही उरलं नाही. मला बंगाली कळतं हो."

"मग या शाली?"

"तुम्हाला हव्या होत्या."

ट्राम घंटा वाजवत डेपोकडे गेली. 

"उद्या मालतीला तार करा. तारेत पांघरूण नको. आई जाते आहे, ये, असं सरळ लिहा," शकुन म्हणाली. "आणि हे काढा आता. उकडतंय."

त्याने वरची शाल काढली, मग खालची. आत लुगडं अंगाला चिकटलं होतं आणि शरीर त्याला वाटलं होतं त्याहून फारच थोडं राहिलं होतं. तो खालची शाल एकट्याने घडी करायला लागला. ती त्याच्या हातात वेडीवाकडी होत गेली. शकुनने पडल्या पडल्या दोन्ही हात पुढे केले आणि आपल्या बाजूची दोन टोकं धरली. त्याने उरलेली दोन धरली, शाल मधे ताणली, आणि टोकाला टोक लावायला तो तिच्याजवळ वाकला.