डीकनची न दिसणारी वेस

लॉर्ना टेटमनं तीस वर्षं ओहायोतल्या एका लहान गावात शाळेची बस चालवली होती. मागच्या सीटवर कोण काय उद्योग करतंय, ते तिला आरशात न बघताही कळायचं. चाळीस पोरं तिच्या नुसत्या खाकरण्यानं गप्प बसायची. म्हणूनच निवृत्तीनंतर पाळलेला डीकन ऐकत नाही, हे तिला फार लागलं. डीकन म्हणजे लांब कानांचा शिकारी हाउंड. नाकात वास शिरला की स्वारी निघालीच. एप्रिलमध्ये तो दोनदा मोठ्या रस्त्यावर गेला, आणि दुसऱ्या खेपेला खडीचा ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"साखळीनं बांध त्याला," शेजारचा व्हर्लिन म्हणाला. त्यानं जन्मभर हाउंडच पाळले होते.

"बांधूनच ठेवायचा तर चिनी मातीचा आणला असता," लॉर्ना म्हणाली.

वस्तीच्या नियमात कुंपण बसत नव्हतं. तेव्हा तिनं जमिनीत पुरायची विजेची तार आणि तिच्या जोडीचा पट्टा आणला आणि चार दिवस कुदळ चालवून तार अंगणाभोवती स्वतः पुरली. कुत्रा तारेजवळ गेला की गळ्यातला पट्टा आधी पीप वाजवतो. तरी पुढे गेला तर झटका देतो. लॉर्नानं तो पट्टा आधी मुठीत धरला आणि तारेवरून चालत गेली. कोपरापर्यंत सणक गेली.

"सोसण्यासारखा आहे," ती म्हणाली.

व्हर्लिन हे सगळं बघत होता. "अगं, हरणाचा वास आला की हा झटका खाऊन थेट शेजारचं केंटकी राज्य गाठेल. हाउंडची अक्कल नाकात असते."

"मग नाकाला शिकवीन."

तारेच्या कडेनं तिनं पांढऱ्या झेंड्या रोवल्या. सकाळ-संध्याकाळ डीकनला दोरीनं झेंडीपर्यंत न्यायचं, पीप वाजलं की वळवायचं, आणि वळला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. पहिला झटका बसला तेव्हा डीकन केकाटत पायऱ्यांखाली जाऊन दडला. लॉर्ना त्या पायऱ्यांवर बसून राहिली, जेवायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी. तिसऱ्या आठवड्यात दोरी सुटली, मग एकेक करत झेंड्याही निघाल्या.

जूनमधल्या एका संध्याकाळी व्हर्लिन बागेतल्या स्ट्रॉबेरी घेऊन आला. दोघं बोलत उभी असताना झुडपातून एक हरिणी निघाली आणि अंगण तिरकं कापत रस्त्याकडे पळाली. डीकन सुटला. रस्त्यावर ट्रकची घरघर ऐकू येत होती.

तार पुरली होती तिथं डीकनचे चारही पाय मातीत रुतले. सगळं अंग थरथरत होतं. मान वर करून त्यानं लांबलचक सूर काढला, पण पाऊल पुढे टाकलं नाही. हरिणी पलीकडच्या रानात दिसेनाशी झाली. मग तो वळला, दुडक्या चालीनं आला आणि लॉर्नाच्या गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला.

"हरणामागून परत फिरलेला हाउंड मी उभ्या जन्मात पाहिला नाही," व्हर्लिन म्हणाला. "कसं जमवलंस?"

"मी कुठं? त्यानं जमवलं. ये, कॉफी टाकते."

असं ती म्हणाली खरी, पण डीकनला घेऊन आत जाताना तिची चाल बघण्यासारखी होती.